ट्रॅक्टरच्या गिअरपेटीतील करपलेले तेल : परीक्षा व उपाय

ट्रॅक्टर बाळगणारा शेतकरी इंजिनाच्या तेलाकडे बहुधा लक्ष देतो. सकाळी पट्टी काढून तो तेलाची पातळी पाहतो आणि ठराविक तासांनी ते बदलतोही. परंतु आसनाखाली असलेल्या मोठ्या लोखंडी पेटीत, म्हणजे गिअरबॉक्स, डिफरन्शियल व मागील आसाच्या घरात जे तेल असते, त्याची आठवण मात्र ब्रेक लागेनासा झाला, लिफ्ट अवजार उचलेनाशी झाली किंवा गिअर ओरडू लागला म्हणजेच होते. इंजिनात साधारणतः सहा ते आठ लिटर तेल मावते. या पेटीत मात्र ट्रॅक्टरच्या बनावटीप्रमाणे ३० ते ६० लिटर तेल असते. एवढे तेल एकदा बिघडले म्हणजे खर्च मोठा येतो, आणि त्याच्या बिघाडाने यंत्राचे जे नुकसान होते ते त्याहूनही मोठे असते.

हा प्रश्न केवळ पैशाचा नाही. पहिल्या पावसानंतर जमिनीस वाफसा येतो तो मोजक्या दिवसांचा असतो. त्या दिवसांत ट्रॅक्टर खोलून पडला तर पेरणी साधत नाही. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, आजच्या बहुतेक ट्रॅक्टरांचे ब्रेक तेलात बुडालेले असतात. बाजारात त्यांना ‘ऑईल इमर्स्ड ब्रेक’ म्हणतात. अनेक बनावटींत गिअर, लिफ्ट व ब्रेक यांना एकच तेल पुरवलेले असते. ते तेल करपले की उसाची भरलेली ट्रॉली घेऊन उतारावरून येणाऱ्या चालकाच्या पायाखालचा ब्रेकही दगा देऊ शकतो. यास्तव या तेलाची परीक्षा कशी करावी, ते का करपते आणि करपल्यास काय करावे, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

प्रारंभीच एक गोष्ट ध्यानात ठेवावी. करपलेले तेल हे लक्षण होय, मूळ रोग नव्हे. पेटीत कोठेतरी नको तेवढी उष्णता निर्माण होत आहे, असा त्याचा अर्थ असतो. त्या उष्णतेचे मूळ न शोधता केवळ तेल बदलले, तर नवे तेलही थोड्याच दिवसांत करपते आणि खर्च व्यर्थ जातो.

तेलाचे कार्य

या पेटीतील तेल चार कामे करते. गिअरच्या दात्यांमध्ये व बेअरिंगमध्ये ते पातळ थर धरून घर्षण कमी करते. ब्रेकच्या व इतर चकत्यांतून निघणारी उष्णता ते शोषून पेटीच्या बाहेरील भिंतीपर्यंत नेते. पंपाच्या दाबाने ते लिफ्ट उचलते. शिवाय झिजलेल्या धातूचा कीस व धूळ आपल्याबरोबर वाहून जाळीत अथवा तळाशी सोडते. ही चारही कामे एकाच तेलाने करावयाची असल्यामुळे त्यात निरनिराळी रासायनिक पूरक द्रव्ये मिसळलेली असतात. तेल तापत राहिले म्हणजे ही द्रव्ये हळूहळू खर्ची पडतात.

तेल तापून हवेतील प्राणवायूशी संयोग पावते तेव्हा ते गडद होते, त्यास आंबूस व करपट वास येतो, आणि त्यातून चिकट राळेसारखा पदार्थ तयार होऊन चकत्यांवर व झडपांवर बसतो. खनिज तेलाविषयी एक ठोकताळा सर्वत्र मानला जातो. तापमान दर १० अंश सेल्सिअसने वाढले की तेलाचे आयुष्य सुमारे निम्म्यावर येते. म्हणजे जे तेल ७० अंशांवर १००० तास टिकले असते, ते ८० अंशांवर ५०० तास व ९० अंशांवर २५० तासच टिकेल. हा हिशेब काटेकोर नव्हे. तथापि उष्णतेचे महत्त्व त्यावरून कळून येते.

परीक्षेची पूर्वतयारी

खेड्यात वापरून काढलेल्या कोणत्याही काळ्या तेलास ‘जळके ऑईल’ म्हणण्याचा प्रघात आहे. येथे मात्र जुने तेल व करपलेले तेल यांत भेद केला पाहिजे. जुने तेल केवळ काळपट होते. करपलेले तेल काळे तर होतेच, पण ते आपले गुणही गमावून बसते. केवळ रंगावरून निर्णय करू नये, कारण काही चांगली तेलेही वापरात लवकर गडद होतात.

तुलनेसाठी एक सोपी सवय लावून घ्यावी. दर वेळी नवे तेल भरताना त्यातील पावशेर तेल स्वच्छ काचेच्या बाटलीत काढून, वर तेलाचे नाव, प्रत, दिनांक व ट्रॅक्टरच्या मीटरवरील तास लिहून ती बाटली उन्हापासून दूर ठेवावी. पुढे जेव्हा शंका येईल तेव्हा पेटीतील तेल या बाटलीशेजारी धरून पाहावे. अशी बाटली जवळ असली म्हणजे अंदाजावर विसंबून राहावे लागत नाही.

परीक्षेपूर्वी ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा, अवजार पूर्णपणे जमिनीवर टेकवावे, इंजिन बंद करून किल्ली काढावी व चाकांना दोन्ही बाजूंनी दगड अथवा लाकडी ठोकळे लावावेत. उचललेल्या अवजाराखाली कधीही हात घालू नये. तेल नुकतेच काम करून आलेले असेल तर ते चांगलेच तापलेले असते, म्हणून त्यात बोट बुडविण्याची घाई करू नये.

परीक्षेच्या पाच पायऱ्या

१. पातळी. प्रथम पट्टी पुसून, पुन्हा घालून, मग पातळी वाचावी. तेल खालच्या खुणेखाली असल्यास करपण्याचे एक कारण तेथेच सापडले असे समजावे. थोड्या तेलावर सर्व उष्णतेचा भार पडतो आणि उतारावर पंप तेलाऐवजी हवा ओढतो. पातळी वरच्या खुणेपेक्षा पुष्कळ अधिक असणेही योग्य नव्हे. गिअर तेल घुसळून फेस करतात व त्यानेही उष्णता वाढते.

२. रंग. पट्टीवरील थेंब पांढऱ्या कागदावर घेऊन उजेडात पाहावा. मधासारखा अथवा तांबूस व पारदर्शक असल्यास तेल चांगले आहे. गडद तपकिरी असून पारदर्शक असल्यास ते जुने आहे, पण लगेच टाकण्याजोगे नाही. काळेकुट्ट व अपारदर्शक असल्यास पुढील परीक्षा अवश्य कराव्यात. दुधासारखे अथवा चहासारखे दिसल्यास त्यात पाणी शिरले आहे किंवा हवा मिसळली आहे. यांतील भेद ओळखण्यासाठी तेल बाटलीत घेऊन तासभर ठेवावे. हवेचे बुडबुडे असतील तर ते वर येऊन तेल निवळते. पाणी मिसळले असेल तर दुधाळपणा टिकून राहतो.

३. वास. नमुन्याच्या बाटलीतील तेलाचा वास आधी घ्यावा आणि मग पेटीतील तेलाचा. दाट गिअर तेलास मुळातच गंधकाचा उग्र वास असतो, त्यास करपल्याचा वास समजू नये. करपलेल्या तेलाचा वास फोडणी जळल्यासारखा, घशाला झोंबणारा असतो. एक खबरदारी अशी की, मुख्य क्लच बहुतेक ट्रॅक्टरांत कोरडा असतो व तो घसरला तरी करपट वास सुटतो. तो वास ट्रॅक्टरच्या आसपास येतो. तेलाच्या पट्टीला येत नाही. म्हणून वास नेहमी पट्टीचाच घ्यावा.

४. स्पर्श. निवलेला थेंब दोन बोटांत चोळावा. चांगले तेल गुळगुळीत लागते. खरखर लागल्यास त्यात माती किंवा धातूचा कीस आहे. तेल थोडे कापडावर गाळून मागे राहिलेला कण लोहचुंबकाजवळ न्यावा. चिकटला तर तो पोलादाचा, म्हणजे गिअर अथवा बेअरिंगचा. पिवळसर असून चिकटला नाही तर तो काशाचा अथवा पितळेचा, म्हणजे बुश किंवा वॉशरचा. काळी तंतुमय भुकटी दिसल्यास ती ब्रेकच्या चकत्यांवरील अस्तराची असण्याचा संभव अधिक.

५. टीपकागद व तवा. टीपकागदावर नव्या व जुन्या तेलाचा एकेक थेंब शेजारी-शेजारी टाकून कागद चार-पाच तास आडवा ठेवावा. चांगला थेंब सारखा पसरतो. करपलेल्या तेलाच्या थेंबाच्या मध्यभागी काळा ठिपका राहतो व त्याभोवती ठळक कडा उमटते. पाण्याची शंका असल्यास टाकाऊ पत्रा किंवा तवा चांगला तापवून त्यावर तेलाचा एकच थेंब टाकावा. तडतड आवाज होऊन बुडबुडे उठले तर तेलात पाणी आहे. ही परीक्षा डिझेल व गवतापासून दूर, तोंड मागे ठेवून करावी.

या पाचांपैकी एकाच परीक्षेवर निर्णय करू नये. काळा रंग, करपट वास व टीपकागदावरील काळा ठिपका ही तिन्ही लक्षणे एकत्र आढळल्यास तेल करपले आहे असे निश्चित समजावे.

उष्णतेचे मूळ शोधणे

तेल करपल्याचे ठरले म्हणजे ते सोडण्यापूर्वीच कारणाचा शोध घ्यावा. कारण तेल सोडल्यावर पुष्कळ खुणा नाहीशा होतात. पुढील कारणे सर्वांत अधिक आढळतात.

पहिले कारण ब्रेक. काही चालकांना काम करीत असताना पाय ब्रेकच्या पायट्यावर ठेवण्याची सवय असते. काही वेळा हँडब्रेक अर्धवट लागलेला राहतो, तर काही वेळा पायट्यास मोकळी चाल न ठेवता तो घट्ट बसवलेला असतो. या तिन्ही प्रसंगी चकत्या सतत घासत राहतात. याची खूण सोपी आहे. अर्धा तास शेतात चालवून ट्रॅक्टर थांबवावा आणि मागील दोन्ही बाजूंच्या ब्रेकच्या घरांवर पाण्याचे थेंब शिंपडावेत. एका बाजूचे पाणी झटकन आटले व दुसऱ्या बाजूचे तसेच राहिले, तर पहिल्या बाजूचा ब्रेक घासत आहे. दोन्ही बाजूंचे पाणी झटपट आटल्यास दोन्हीकडे दोष समजावा. मोकळी चाल किती ठेवावी हे त्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेले असते व ती दोन्ही पायट्यांस सारखी असली पाहिजे.

दुसरे कारण उतारावरील वाहतूक. भरलेली ट्रॉली केवळ ब्रेकच्या जोरावर उतरवली तर किती उष्णता निर्माण होते, याचा हिशेब पाहण्यासारखा आहे. समजा ट्रॅक्टर, ट्रॉली व माल मिळून १० टन वजन १०० मीटर खोलीच्या उतारावरून खाली आणावयाचे आहे. हे सर्व वजन ब्रेकने धरून ठेवले तर निर्माण होणारी उष्णता सुमारे ३० लिटर थंड पाण्यास उकळी आणण्याइतकी असते. ती उष्णता पेटीतील तेलाने व लोखंडाने सोसावयाची असते. म्हणून ज्या गिअरमध्ये तोच चढ भरल्या ट्रॉलीने चढता येईल, त्याच गिअरमध्ये उतार उतरावा म्हणजे इंजिन वेगास आवर घालते. गाडी मोकळ्या गिअरवर अथवा क्लच दाबून उतारावर सोडणे हे जिवावरचे धाडस आहे. रस्त्यावर जाण्यापूर्वी दोन्ही ब्रेकचे पायटे खिट्टीने जोडलेच पाहिजेत.

तिसरे कारण लिफ्टचा दांडा. अवजार पूर्ण वर आले तरी दांडा ओढूनच धरला, अथवा ट्रॉली उलटविण्याची नळी जोडून तिचा दांडा तसाच लावून ठेवला, तर पंपाचे तेल दाबमुक्तीच्या झडपेतून जोराने बाहेर पडू लागते. त्या वेळी चिरका आवाज येतो. पंपाची सर्व शक्ती या झडपेत उष्णतेत बदलते. समजा पंप दर मिनिटास २० लिटर तेल १८० बार दाबाने देत आहे. ही शक्ती ६ किलोवॅट, म्हणजे सुमारे ८ अश्वशक्ती होते. बाहेर जाणारी उष्णता सोडून दिली, तर पेटीतील ४० लिटर तेल त्यायोगे दर मिनिटास सुमारे ५ अंशांनी तापेल. आवाज आला की दांडा किंचित खाली आणावा, एवढ्याने हे नुकसान टळते.

चौथे कारण गळती. मागील आसाच्या, पी.टी.ओ.च्या अथवा क्लचकडील ऑईल सीलमधून तेल हळूहळू जाते. दर १० सेकंदांस एक थेंब गळत असल्यास दिवसाकाठी सुमारे ३०० ते ४०० मिलिलिटर, म्हणजे महिन्यास जवळजवळ १० लिटर तेल जाते. रात्री ट्रॅक्टरखाली जुना पुठ्ठा अंथरून ठेवल्यास सकाळी गळतीची जागा कळते.

पाचवे कारण पाणी. भाताच्या चिखलणीत मागील आस चिखलात बुडतो, सील जुने असल्यास त्यातून पाणी आत जाते. ट्रॅक्टर धुताना दाबाच्या पाण्याची धार पट्टीच्या भोकावर, गिअरच्या दांड्याच्या रबरी टोपीवर अथवा हवा जाण्याच्या छिद्रावर मारल्यासही पाणी शिरते. पाणी मिसळलेल्या तेलाचा थर टिकत नाही, घर्षण वाढते आणि गंजही चढतो. कोकण आणि भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या भातपट्ट्यांतील ट्रॅक्टरमालकांनी चिखलणी संपताच हे तेल तपासण्याचा नियमच करावा.

सहावे कारण चुंदलेली जाळी अथवा फिल्टर. पंपाकडे जाणाऱ्या तेलाची जाळी गाळाने भरली की पंपास पुरेसे तेल मिळत नाही, तो घुरघुर आवाज करतो व लिफ्ट धक्के देत उचलते. तेल थंड करणारे जाळीदार कूलर ज्या ट्रॅक्टरांस असते, तेथे भुसा व चिखल बसून वारा बंद झालेला आहे काय, हेही पाहावे.

सातवे कारण चुकीचे तेल. त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

तेल बदलण्याची रीत

कारण सापडून त्याची दुरुस्ती झाल्यावरच तेल बदलावे. पुढील क्रम पाळल्यास काम नीट होते.

ट्रॅक्टर वीस-पंचवीस मिनिटे हलक्या कामावर चालवून तेल कोमट करावे, म्हणजे तळचा गाळ तेलाबरोबर बाहेर येतो. मग सपाट जागी उभा करून, अवजार काढून व लिफ्टचे हात खाली सोडून इंजिन बंद करावे. तेल सोडण्याचे बोल्ट बहुधा एकाहून अधिक असतात: गिअरबॉक्सखाली एक, डिफरन्शियलखाली एक आणि काही बनावटींत दोन्ही बाजूंच्या आसांच्या घरांखाली एकेक. यांतील एकही बोल्ट राहिल्यास करपलेले तेल आतच राहून नवे तेल नासते. म्हणून पुस्तिकेतील आकृती पाहून सर्व बोल्ट मोजून घ्यावेत. तेल रुंद तोंडाच्या भांड्यात घ्यावे व निदान एक तास, शक्य तर रात्रभर निथळू द्यावे.

बोल्टला लोहचुंबक असल्यास तो नीट पाहावा. त्यावर बारीक करड्या रंगाचा लेप असणे स्वाभाविक आहे. चकाकणाऱ्या चिपा किंवा दात्याचे तुकडे आढळल्यास पुढे काम न करता फिटरला बोलवावे. जाळी डिझेलमध्ये मऊ ब्रशने धुऊन वाळवावी. कागदी फिल्टर धुऊन पुन्हा वापरू नये, नवाच बसवावा. पुसण्यासाठी सुताचे बोळे वापरू नयेत, कारण त्यांचे तंतू पंपात जातात. हवा जाण्याचे छिद्र साफ करावे. पेटी धुण्यासाठी आत डिझेल किंवा रॉकेल ओतून ट्रॅक्टर चालविण्याची जी चाल काही ठिकाणी आहे ती अत्यंत अपायकारक होय. पातळ डिझेलने पंप व बेअरिंग झिजतात आणि जे डिझेल आत उरते ते नव्या तेलास पातळ करते.

बोल्ट नव्या वॉशरसह बसवून स्वच्छ नरसाळ्यातून सावकाश तेल भरावे. पातळी मधल्या खुणेवर आली की इंजिन मंद चालवून लिफ्ट दहा-बारा वेळा वरखाली करावी, म्हणजे नळ्यांतील हवा निघून जाते. इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पातळी पुन्हा पाहावी व कमी असेल तेवढे तेल घालावे. तेल फार करपलेले होते असे दिसल्यास कोपऱ्यांत थोडे जुने तेल उरतेच. अशा वेळी ५० तास हलके काम करून तेल पुन्हा तपासावे आणि गरज वाटल्यास तेल व फिल्टर दोन्ही दुसऱ्यांदा बदलावेत. नेहमीच्या वापरात अनेक ट्रॅक्टरांच्या पुस्तिकेत हे तेल सुमारे १००० तासांनी बदलण्यास सांगितलेले असते. दिवसाला पाच तास याप्रमाणे वर्षाला २०० दिवस काम घेणाऱ्याचे १००० तास एका वर्षात भरतात. चिखलणी व ऊसवाहतूक करणाऱ्यांनी मात्र त्याआधीच, दर २५० तासांनी, वरील परीक्षा करावी.

तेलाची निवड

दुकानात ‘गिअर ऑईल’ एवढेच सांगून तेल मागू नये. जुन्या पद्धतीच्या, कोरडे ब्रेक असलेल्या काही ट्रॅक्टरांत गिअरसाठी ९० नंबरचे दाट तेल चालते. परंतु ज्या ट्रॅक्टरांत गिअर, लिफ्ट व तेलातील ब्रेक यांना एकच तेल आहे, त्यांना यू.टी.टी.ओ. नावाने मिळणारे खास तेल लागते. त्यातील द्रव्ये ब्रेकच्या चकत्यांना योग्य तेवढीच पकड देतात. त्याऐवजी ९० नंबरचे तेल घातल्यास ब्रेक करकरतो अथवा घसरतो आणि थंडीत लिफ्ट जड चालते. जी.एल.-४ सांगितले असता जी.एल.-५ प्रतीचे तेल ‘त्याहून भारी’ म्हणून घालणेही योग्य नव्हे. त्यातील दाब सोसणारी काही द्रव्ये तापल्यावर काशाच्या व पितळेच्या भागांस खाऊ शकतात. दोन निरनिराळ्या जातींची तेले एकमेकांत मिसळू नयेत. डब्यावरील प्रत व पुस्तिकेतील प्रत जुळवून पाहावी, डब्याचे सील तपासावे व पावती घ्यावी.

फिटरकडे केव्हा न्यावे

सर्व दोष शेतावर दूर होण्यासारखे नसतात. नवे तेल ५० तासांच्या आत पुन्हा करपले, तेलात धातूचे तुकडे आढळले, गिअर आपोआप निसटू लागला, अथवा तेल बदलूनही ब्रेक अशक्त राहिला, तर पेटी खोलणे आवश्यक आहे. ब्रेकच्या चकत्या एकदा करपून काचेसारख्या गुळगुळीत झाल्या की तेल बदलून त्या सुधारत नाहीत. त्या नव्याच घालाव्या लागतात. ब्रेकविषयी शंका असेपर्यंत ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून तो रस्त्यावर नेऊ नये. एक दिवसाचे भाडे बुडाले तरी चालेल.

ज्यांच्या घरी स्वयंचलित गिअरची मोटारगाडी आहे त्यांनाही हेच तत्त्व लागू आहे. अशा गाडीचे गिअर तेल बहुधा लाल असते. ते तपकिरी-काळे होऊन त्यास करपट वास येऊ लागला व गिअर बदलताना झटका बसू लागला, म्हणजे आतील चकत्या घसरून तापत आहेत असे समजावे. पुष्कळ नव्या गाड्यांना या तेलाची पट्टीच नसते व पातळी ठराविक तापमानावर पाहावी लागते. म्हणून हे काम माहीतगार कारागिराकडूनच करून घ्यावे.

काढलेल्या तेलाची व्यवस्था

काढलेले ४०-५० लिटर तेल बांधावर, ओढ्यात किंवा उकिरड्यावर ओतू नये. ते जमिनीत मुरून विहिरीचे पाणी नासवते. ते चुलीत जाळणे, जनावरांच्या जखमेस लावणे अथवा तणांवर फवारणे या चालीही घातक आहेत. वापरलेल्या तेलाचा समावेश केंद्र सरकारच्या घातक व इतर टाकाऊ पदार्थांसंबंधीच्या २०१६ च्या नियमांत केलेला आहे. २०२३ साली या नियमांत दुरुस्ती होऊन, १ एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या तेलाच्या पुनर्वापराची जबाबदारी तेलाच्या उत्पादकांवर व आयातदारांवरही टाकण्यात आली आहे. सबब हे तेल झाकणाच्या डब्यात, पाणी व डिझेल न मिसळता साठवावे आणि नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे माल पाठविणाऱ्या संकलकासच द्यावे. गावातील पाच-दहा मालकांनी एकत्र साठा केल्यास ते सोपे जाते. काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

हा विषय व्याख्यानापेक्षा प्रात्यक्षिकाने चांगला पटतो. उन्हाळ्यात, ऊसवाहतूक आटोपल्यावर व खरिपापूर्वी, गावातील ट्रॅक्टरमालक व चालक यांना एकत्र बोलवावे. चालकास अवश्य बोलवावे, कारण पायट्यावर पाय त्याचा असतो. चार काचेच्या बाटल्यांत नवे, जुने, करपलेले व पाणी मिसळलेले तेल ठेवून प्रत्येकाने ते पाहावे, हुंगावे व टीपकागदावर थेंब टाकून परीक्षा करावी. नंतर प्रत्येकाने आपल्या ट्रॅक्टरची पट्टी काढून तेल या बाटल्यांशी ताडून पाहावे. प्रत्येक मालकास एक वही ठेवण्यास सांगावे. तीत दिनांक, मीटरचे तास, भरलेले तेल, त्याची प्रत व फिल्टर बदलल्याची नोंद असावी.

अधिक शिक्षणाची ज्यांना इच्छा असेल त्यांच्यासाठी मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ साली स्थापन झालेली केंद्रीय कृषि यंत्र प्रशिक्षण व परीक्षण संस्था आहे. तेथे ट्रॅक्टरांच्या चाचण्या होतात, तसेच शेतकऱ्यांना व तंत्रज्ञांना शिक्षण दिले जाते. नवा ट्रॅक्टर घेण्यापूर्वी त्या बनावटीचा चाचणी अहवाल पाहावा. गिअरपेटीत किती तेल मावते व ते केव्हा बदलावे, याची माहिती त्यात असते. जवळच्या कृषि विज्ञान केंद्रातही यंत्रांच्या निगेसंबंधी विचारपूस करावी.

बैल थकला की मालकास त्याच्या चालीवरून कळते. यंत्र थकले की ते तेलाच्या रंगावरून व वासावरून सांगते. आठवड्यातून एकदा पट्टी काढून पाहण्यास पाच मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात करपट वास आला, तर तेलाचा डबा उघडण्याआधी ब्रेक, लिफ्टचा दांडा, सील व जाळी तपासावी आणि मगच नवे तेल भरावे.